बार्शीचा आकडा आणि भाकरीचे श्रेय

बार्शीच्या एस.टी. स्टँडवर सकाळी लातूर, बीड, धाराशिवकडच्या गाड्या लागल्या की उतरणाऱ्यांपैकी काही जण लगेच ओळखू येतात. काखेत कागदपत्रांची फुगलेली पिशवी, हातात एक्स-रेचे मोठे पाकीट आणि सोबत घरातला एखादा जाणता माणूस. रिक्षावाल्याने त्यांना कुठे जायचे हे विचारण्याची गरज नसते. नर्गिस दत्त यांच्या नावाचे कॅन्सर हॉस्पिटल ही आता बार्शीची तितकीच ओळख झाली आहे, जितकी भगवंताचे मंदिर किंवा ज्वारी-तुरीचा आडत बाजार. रोज ही माणसे पाहणाऱ्याला वाटावे की आपल्या भागाला या रोगाने घेरलेच आहे.

आकडा मात्र वेगळेच सांगतो. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा २०१२ ते २०१६ या वर्षांचा अहवाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. देशातल्या २८ नोंदणी केंद्रांची आकडेवारी त्यात आहे. लोकसंख्येतल्या वयाचा फरक जमेस धरून काढलेले हे प्रमाण आहे. त्यात पुरुषांमध्ये सर्वांत वर मिझोरममधील ऐझॉल जिल्हा, एक लाखात २६९.४, स्त्रियांमध्ये अरुणाचलातील पापुम पारे, २१९.८. आणि सर्वांत खाली, पुरुषांमध्ये ३९.५ आणि स्त्रियांमध्ये ४९.४ असे आकडे लिहिलेला जिल्हा कोणता? आपल्या वेशीला लागून असलेले उस्मानाबाद (म्हणजे आजचे धाराशिव) आणि बीड. मुंबईचे प्रमाण याच्या दुपटीहून अधिक आहे.

हा आकडा मी चारचौघांत सांगितला की पुढचे वाक्य ठरलेले असते. ‘साहेब, ही आपल्या भाकरीची ताकद!’ सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते ते मोडण्याची माझी इच्छा नाही. मी स्वतः दोन वेळा ज्वारीची भाकरी खाणारा माणूस आहे. पण आयुष्यभर बँकेत ताळेबंद तपासल्यामुळे एक खोड लागली आहे. नफा दिसला की तो कोणत्या खात्यातून आला हे पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. तेव्हा हा नफा खरोखर भाकरीच्या खात्यातला आहे काय, हे पाहू.

आधी आकडा कसा आला ते पाहिले पाहिजे. मुंबईत कर्करोगाची नोंदणी १९६३ साली सुरू झाली. शहरात ते तुलनेने सोपे. रोगी रुग्णालयात येतो, नोंद होते. खेड्यात रोगी रुग्णालयात येतच नसेल तर? १९८७ साली बार्शीत देशातले पहिले ग्रामीण नोंदणी केंद्र सुरू झाले, तेव्हा हाच प्रश्न होता. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली साडेतीनशेच्या आसपास गावे त्यात होती. त्यावर उपाय काढला गेला तो अस्सल देशी. नोंद करणारी माणसेच गावोगाव जाऊ लागली. सरपंच, शिक्षक, सुईण यांच्याशी बोलायचे, कोणाला न भरणारी जखम आहे, कोणाला गिळताना त्रास होतो, कोणाला अंगावरून अवेळी जाते याची चौकशी करायची आणि अशा माणसाला तपासणीला घेऊन यायचे. डॉ. भगवान नेने, डॉ. कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम वर्षानुवर्षे चालवले. याचा एक अनपेक्षित लाभ असा झाला की गावात या रोगाविषयी बोलणे सुरू झाले आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या. १९९५ साली त्यावर शोधनिबंधही प्रसिद्ध झाला.

तरीही, खेड्यातला एखादा म्हातारा पोटदुखीने अंथरूण धरतो आणि दोन महिन्यांत जातो, तेव्हा ‘वय झालं होतं’ यापलीकडे त्याची नोंद होत नाही. शहरात ज्या गाठी तपासण्यांमुळे सापडतात त्या खेड्यात सापडत नाहीत. म्हणून आपला आकडा थोडा वर सरकवून वाचावा. पण कितीही सरकवला तरी मुंबईशी असलेले अंतर भरून निघत नाही. फरक खरा आहे.

आता त्या आकड्याच्या आत काय आहे ते पाहा. नोंदणीच्या सुरुवातीच्या दशकांत आपल्याकडच्या स्त्रियांत पहिला क्रमांक होता गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा, आणि पुरुषांत तोंड, घसा, अन्ननलिका यांचा भरणा. मुंबईच्या बायकांत स्तनाचा कर्करोग पुढे गेला, त्याला बराच काळ लोटला. म्हणजे आपल्याकडे रोग नुसता कमी होता असे नव्हे. तो वेगळ्या जातीचा होता.

स्तनाच्या कर्करोगाचेच घ्या. २००२ साली तीस देशांतल्या ४७ अभ्यासांची माहिती एकत्र करून एक मोठा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. स्त्रीच्या प्रत्येक बाळंतपणामागे या रोगाची जोखीम सुमारे ७ टक्क्यांनी उतरते आणि मूल अंगावर पाजण्याच्या दर बारा महिन्यांमागे आणखी ४.३ टक्क्यांनी. पाळी उशिरा सुरू होणे, पहिले मूल कमी वयात होणे, शरीर सडपातळ असणे, हेही याच बाजूला जमा होते. आता आपल्या आजीची पिढी आठवा. तेराव्या-चौदाव्या वर्षी लग्न, सहा-सात बाळंतपणे, प्रत्येक मूल दोन-दोन वर्षे अंगावर. १९७२च्या दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडलेली आणि परदेशी मिलोच्या भाकरीवर व सुकडीवर दिवस काढलेली ती बाई. तिला स्तनाचा कर्करोग सहसा झाला नाही हे खरे. पण हे श्रेय भाकरीला द्यायचे, की तिच्या सात बाळंतपणांना आणि अर्धपोटी राहण्याला?

आणि त्याच लवकरच्या लग्नाने, त्याच बाळंतपणांनी तिला दुसऱ्या रोगाच्या दारात नेऊन उभे केले. गर्भाशयमुखाचा कर्करोग हा मानवी पॅपिलोमा विषाणूमुळे होतो. हे दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळाले. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. बहुतेकींचे शरीर त्याला परतवून लावते, काहींमध्ये तो ठाण मांडतो, आणि अनेक बाळंतपणे झालेल्या बाईत त्याचे फावते. एकाच आयुष्याने एका खात्यात जमा केले आणि दुसऱ्यात खर्ची टाकले. मुंबईत पुढच्या दशकांत हा कर्करोग कोणत्याही मोठ्या सरकारी तपासणी मोहिमेशिवाय घटत गेला. मुली शिकल्या, उशिरा लग्ने झाली, मुले कमी झाली. त्यांच्या ताटात भाकरी वाढली म्हणून काही तो घटला नाही.

‘जुने, घरचे, नैसर्गिक खाणे म्हणजे कर्करोगापासून अभय’ या समजुतीला तर ऐझॉलचा आकडाच उत्तर देतो. मिझोरमच्या डोंगरातली माणसेही पिढ्यान्‌पिढ्या घरचेच खात आली. पण त्या परंपरेत धुरावर वाळवलेले मांस आहे आणि भरपूर तंबाखू आहे. तंबाखूचा धूर पाण्यात मुरवून ते पाणी तोंडात धरण्याची तुइबुर नावाची तिथली चालही जुनीच. परंपरा हे एक ताट आहे; त्यात काय वाढले आहे ते पाहावेच लागते.

मग आहाराचा काहीच वाटा नाही का? आहे, आणि तो मोजण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. १९८१ साली रिचर्ड डॉल आणि रिचर्ड पेटो या इंग्रज शास्त्रज्ञांनी अमेरिकेसाठी अंदाज मांडला. कर्करोगाच्या मृत्यूंपैकी ३० टक्के तंबाखूमुळे आणि ३५ टक्के आहारामुळे. हा ३५चा आकडा जगभर गाजला. पण त्यांनीच त्यापुढे लिहून ठेवले होते की आहाराचा हा अंदाज १० ते ७० टक्के यांच्या दरम्यान कुठेही असू शकेल. माझ्या शाखेत एखाद्याने ‘माझे उत्पन्न वर्षाला दहा ते सत्तर हजारांच्या दरम्यान आहे’ असा दाखला आणला असता तर मी त्याला चहा पाजून परत पाठवले असते. शास्त्रज्ञांनी प्रामाणिकपणे दिलेली ही कक्षा सांगणारे पुढे कोणी राहिले नाही. ३५ तेवढे उरले.

भाकरीची बाजू घेणारा एक मोठा साक्षीदार मात्र आहे. आयर्लंडचे शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांनी युगांडात वर्षानुवर्षे काम केले आणि १९७१ साली मांडले की भरड, चोथायुक्त खाणाऱ्या आफ्रिकी माणसांना मोठ्या आतड्याचा कर्करोग क्वचितच होतो. पुढच्या संशोधनाने या मताला बराचसा दुजोरा दिला. कोंड्यासकट धान्य खाणाऱ्यांत आतड्याच्या कर्करोगाची जोखीम काहीशी कमी आढळते. ज्वारीची भाकरी, तुरीची आमटी, पालेभाजी, कच्चा कांदा या ताटाला एवढे श्रेय बिनदिक्कत द्यावे. ते लहान नाही. पण ते एका अवयवापुरते आणि ‘काहीसे’ आहे.

ताटातला सद्गुण गोळीत भरता येतो का, याचेही उत्तर मिळाले आहे. गाजरात आणि पालेभाज्यांत असणारे बीटा कॅरोटीन फिनलंडमध्ये विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना देऊन पाहिले. प्रयोगात २९ हजारांवर माणसे होती. १९९४ साली निकाल आला तो उलटा. गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतला तसाच एक प्रयोग १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावा लागला. आपल्याकडे औषधांच्या दुकानात आणि घरपोच विक्री करणाऱ्यांच्या पिशवीत ‘कॅन्सररोधक’ म्हणून जे डबे असतात, ते विकत घेणाऱ्यांनी ही गोष्ट ऐकून ठेवावी. हळदीचेही तसेच. प्रयोगशाळेतल्या बशीत ती पेशींवर परिणाम करते, पण पोटात गेलेल्या हळदीतले ते द्रव्य रक्तात फारच थोडे उतरते. भाजीत हळद हवीच, ती चवीसाठी आणि रंगासाठी.

ज्यांच्याविषयी शंका उरलेली नाही अशा गोष्टी थोड्या आहेत. दारू, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तिला १९८८ सालीच कर्करोगकारक ठरवले. खारवून, धुरावून टिकवलेले मांस, २०१५ मध्ये. आणि आपल्या सोलापुरी माणसाने लक्षात ठेवावी अशी एक, ती म्हणजे बुरशी लागलेला शेंगदाणा. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते आणि ते यकृताच्या कर्करोगाला कारण होते, विशेषतः ज्याला काविळीच्या ‘ब’ विषाणूची बाधा आहे त्याला. १९७४ साली गुजरात-राजस्थानच्या सीमेवरील आदिवासी खेड्यांत बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसे यकृताच्या विकाराने तडकाफडकी गेली, ती याच विषाने. शेंगांची चटणी आपला अभिमान आहे. पण काळपट, सुरकुतलेला, खवट दाणा भाजून तो निर्दोष होत नाही, निवडून टाकावा लागतो. आपल्या आया सुपात दाणे निवडत बसत ते उगीच नव्हे. फार कडक चहाबद्दलही २०१६ मध्ये इशारा आला आहे. पासष्ट अंशांच्या वर तापलेले पेय अन्ननलिकेला घातक असण्याचा संभव आहे. चहा बशीत ओतून फुंकून पिणाऱ्यांना शहरी पाहुणे हसतात, त्यांना हे जरूर सांगावे.

एवढा वेळ ताटाविषयी बोललो, पण आपल्या भागात जी वस्तू ताटाबाहेर राहून तोंडात सर्वाधिक वेळ असते तिचे काय? २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातली २६.६ टक्के प्रौढ माणसे तंबाखू घेतात असे दिसले. त्यांत ओढणारे अवघे ३.८ टक्के, बाकी सारा चघळण्याचा, मळण्याचा, घासण्याचा व्यवहार. आपल्या लोकांना तंबाखू हे व्यसन वाटतच नाही. तो वेळ घालवण्याचा, ओळख करून घेण्याचा मार्ग आहे. ‘जरा चुना द्या’ म्हणून अनोळखी माणसाशी संभाषण सुरू होते. कर्ज मागायला आलेले कित्येक शेतकरी मी पाहिले, ज्यांनी माझ्यासमोर चहा नाकारला, ‘मी कसलंच व्यसन करत नाही’ म्हणून सांगितले आणि बाहेर जाताच चंची सोडली.

बायकांची मिश्री तर त्याहून अदृश्य. तंबाखूची पाने तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, पूड करायची आणि सकाळ-संध्याकाळ दातांना लावून बसायची. भाजण्याचा वास घरभर होतो तरी घरात कोणी तंबाखू खात नाही, असेच सांगितले जाते. गरोदरपणीही ती सुटत नाही. सासूकडून सुनेकडे ती दात ‘घट्ट’ करण्याचे औषध म्हणून जाते. सुपारीलाही आपण निष्पाप समजतो. तंबाखूशिवायची सुपारीसुद्धा २००४ साली कर्करोगकारकांच्या पहिल्या यादीत गेली. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. ती कशी आहे, हे कोणत्याही पानटपरीसमोरच्या भिंतीवरून कळते.

माझ्या मते आपल्या भागात ‘काय खावे’ या प्रश्नावर जेवढी व्याख्याने होतात, त्यातली निम्मी मिश्रीवर आणि मळलेल्या तंबाखूवर व्हायला हवीत. पण भाकरीवर बोलणे सोपे, कारण त्यात कौतुक आहे. मिश्रीवर बोलायचे तर स्वतःच्या आईच्या, आत्याच्या तोंडावर बोलावे लागते.

दरम्यान ती भाकरीही ताटातून सरकते आहे. नोकरीची बरीच वर्षे मी याच पट्ट्यातल्या शाखांत काढली. पीककर्जाच्या अर्जांवर ज्वारी मागे पडत गेली आणि सोयाबीन, ऊस, द्राक्षे वर आली, हे माझ्या डोळ्यांसमोर घडले. ज्वारीच्या रानातल्या करडईच्या ओळी गेल्या, तेल पिशवीतून येऊ लागले. रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त मिळाल्यावर भाकरी थापायला कोण बसणार? आणि ज्याने मोटारसायकलसाठी कर्ज घेतले तो शेतापर्यंत चालत कशाला जाईल? यात दोष देण्यासारखे काही नाही. पण कंबर वाढते आहे. २०१६ साली टाटा रुग्णालयातील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, स्तनाच्या कर्करोगाच्या बाबतीत कंबर आणि नितंब यांच्या घेराचे गुणोत्तर फार बोलके ठरले, आणि तेही पाळी जाण्याआधीच्या व नंतरच्या अशा दोन्ही वयोगटांत. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संस्थेने तेरा प्रकारच्या कर्करोगांचा संबंध वाढलेल्या चरबीशी जोडला. आजीची सात बाळंतपणे नातीला नकोत आणि ती असूही नयेत. पण ते संरक्षण गेले आहे आणि वर कमरेची चरबी आली आहे, हे नातीला कोणीतरी सांगायला हवे. बार्शीचा जुना आकडा तिच्या उपयोगाचा नाही.

आणखी एक गोष्ट या आहारचर्चेतून निपजली आहे, ती मला सर्वांत जास्त टोचते. आमच्या आळीतल्या एका काकूंना स्तनाचा कर्करोग निघाला. शाकाहारी बाई, एकादशी मोडली नाही, चहासुद्धा बेताचा. भेटायला येणारी प्रत्येक बाई पाचव्या मिनिटाला विचारी, ‘काकू, खाण्यात काय आलं होतं हो?’ आजारी माणसाला आपण गुन्हेगाराच्या पिंजऱ्यात उभे करतो आहोत हे कोणाच्या गावीही नसे. मला यावर बँकेतलाच दाखला आठवतो. जोखीम म्हणजे निकाल नव्हे. हजार कर्जदारांत किती बुडवतील हे आम्ही बऱ्यापैकी सांगू शकत होतो; पण समोर बसलेला हा एक माणूस बुडवील की नाही, हे कोणीच सांगू शकत नसे. निर्मळ खात्याचा माणूस एका गारपिटीत थकबाकीदार होई. पेशींचेही तसेच आहे. काही चुका त्या आपल्या आपण करतात.

त्या काकूंना पुढे कोणी गव्हांकुराच्या रसावर राहायला सांगितले, कोणी दूध बंद केले, कोणी ‘साखर गाठीला पोसते’ म्हणून फळेही सोडायला लावली. केमोथेरपीच्या तिसऱ्या फेरीला त्यांचे वजन इतके उतरले की डॉक्टरांना औषध पुढे ढकलावे लागले. आहारतज्ज्ञ बाईंनी त्यांना समोर बसवून सांगितले, ‘काकू, आता पथ्य नको. वरण, अंडं चालत असेल तर अंडं, दही, शेंगदाण्याचा लाडू, जे जाईल ते खा.’ उपचार चालू असताना अंगात ताकद राखणे हेच पथ्य, बाकीची सारी पथ्ये निरोगी माणसांची.

निरोगी माणसांपैकी तिशीच्या पुढच्या बायकांसाठी मात्र धाराशिवच्या खेड्यांनी जगाला एक गोष्ट शिकवली आहे, आणि तिचा ताटाशी काही संबंध नाही. नेने, जयंत आणि टाटा रुग्णालयाच्या मंडळींनी फ्रान्समधल्या आंतरराष्ट्रीय संस्थेबरोबर या जिल्ह्यातल्या ५२ ग्रामगटांत तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर एक मोठा अभ्यास केला. त्याचा निकाल २००९ साली प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच विषाणूची तपासणी करून, दोष आढळला तिथे वेळीच उपचार केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. पुढे मुलींसाठी पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ ही लस आली. तिला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. ज्या खेड्यांतल्या बायकांमुळे जगभरच्या तपासणीच्या धोरणाला आधार मिळाला, त्याच खेड्यांत आज परिचारिका तपासणीचे निमंत्रण घेऊन दारात गेली तर आतून उत्तर येते, ‘मला काय धाड भरलीय? मी भाकरी खाते.’